कॅरिबियन न्यायालय: पैसा कोणाचा, नेमणूक कोणाची आणि शेवटचं अपील कुठे?

कलमदान

आपल्याकडून प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे वसाहतींची शेवटची अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या न्यायपीठाकडे, जाणारी अपिलं १० ऑक्टोबर १९४९ ला बंद झाली. त्याआधी लंडनचा तो दरवाजा मराठी माणसाच्या चांगला ओळखीचा होता. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांसाठी अपिलाची परवानगी मागायला पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले ॲस्क्विथ उभे राहिले आणि ती नाकारली गेली. त्याच कौन्सिलने १९१५ मध्ये ताई महाराज दत्तक प्रकरणात टिळकांच्या बाजूने कौल दिला. जमैका, त्रिनिदाद, बहामा आणि मॉरिशस या देशांचं शेवटचं अपील मात्र आजही लंडनलाच जातं.

कॅरिबियन देशांनी यावर स्वतःचा पर्याय उभा केला. १४ फेब्रुवारी २००१ ला करार झाला आणि १६ एप्रिल २००५ ला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कॅरिबियन न्यायालय सुरू झालं. वसाहतीतून सुटलेल्या देशांच्या प्रादेशिक न्यायालयांत याची बांधणी मला सगळ्यात विचारपूर्वक केलेली वाटते. धागा काढायचं कारण तेच. न्यायाधीश किती बाणेदार आहेत हे नंतरचं. आधी तीन गोष्टी तपासाव्यात: पगाराचा पैसा कुठून येतो, नेमणूक आणि मुदतवाढ कोणाच्या हातात आहे, आणि ज्याच्या विरोधात निकाल गेला तो कोर्टाला टाळं लावू शकतो का.

पैशापासून सुरुवात करतो. कॅरिबियन विकास बँकेने १० कोटी अमेरिकी डॉलर उभे केले आणि सदस्य सरकारांना त्यांच्या वाट्याप्रमाणे कर्जाऊ दिले. ही सगळी रक्कम एका विश्वस्त निधीत गेली. निधी वेगळं विश्वस्त मंडळ गुंतवतं आणि त्याच्या उत्पन्नावर न्यायालय चालतं. सरकारं हप्ते फेडतात ते बँकेला. उद्या एखाद्या सरकारने हप्ता थकवला तर तो बँकेचा थकबाकीदार होईल, न्यायाधीशाचा पगार अडणार नाही. वार्षिक अंदाजपत्रकात कात्री लावून कोर्टाला वठणीवर आणण्याचा मार्गच इथे बंद केलेला आहे.

नेमणुका ११ जणांचा आयोग करतो. न्यायालयाचे अध्यक्ष या आयोगाचे प्रमुख असतात. बाकीच्यांत वकील संघटनांनी सुचवलेले, कायद्याच्या विद्याशाखांच्या प्रमुखांनी सुचवलेले, नागरी समाजातले, आणि सदस्य देशांच्या न्यायिक सेवा आयोगाचे व लोकसेवा आयोगाचे आळीपाळीने येणारे अध्यक्ष असतात. पंतप्रधानाचा थेट माणूस त्यात नाही. जागांची जाहिरात निघते. अध्यक्षाच्या नेमणुकीपुरता सरकारांचा हात लागतो: आयोगाच्या शिफारशीवर सदस्य देशांपैकी तीन चतुर्थांशांची संमती लागते. अध्यक्षाला एकच सात वर्षांची मुदत, ती वाढत नाही. मूळ करारात न्यायाधीशांचं निवृत्तिवय ७२ आहे. मुदतवाढीसाठी कोणाच्या दारात जायची वेळच येत नाही, ही यातली सगळ्यात मोलाची तरतूद.

तळटीप

छान धागा. एक भर घालते. या न्यायालयाला दोन वेगळी कामं आहेत आणि चर्चेत त्यांची नेहमी सरमिसळ होते. पहिलं काम चागुआरामासच्या सुधारित कराराचा, म्हणजे कॅरिकॉम या कॅरिबियन देशांच्या समुदायाच्या सामायिक बाजारपेठेच्या कराराचा, अर्थ लावणं. यासाठी ते सगळ्या करारबद्ध देशांचं न्यायालय आहे, जमैका आणि त्रिनिदादसुद्धा त्यात आले. दुसरं काम प्रिव्ही कौन्सिलच्या जागी शेवटचं अपील ऐकणं. हे फक्त पाच देशांनी स्वीकारलंय: बार्बाडोस आणि गयाना (२००५), बेलीझ (२०१०), डॉमिनिका (२०१५) आणि सेंट लुशिया (२०२३). गयानाने तर लंडनची अपिलं १९७० मध्येच बंद केली होती. पुढची ३५ वर्षं त्यांचं स्वतःचं अपील न्यायालयच शेवटचं होतं.

निधीत सर्वाधिक वाटा त्रिनिदाद आणि जमैकाचा. न्यायालयाची इमारत त्रिनिदादच्या राजधानीत. आणि या दोन्ही देशांची अपिलं मात्र अटलांटिक ओलांडून लंडनला जातात.

रानवाट

हेच विचारायचं होतं. पैसे भरले, इमारत घरात आहे, मग अडलंय कुठे? राजकारण्यांची इच्छा नाही, एवढंच कारण आहे का?

निकालपत्र

नाही, जमैकाच्या बाबतीत अडचण घटनेची आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

जमैकाच्या घटनेत उच्च न्यायालय आणि अपील न्यायालयाच्या न्यायाधीशांना संरक्षण देणारी कलमं पक्की बांधलेली आहेत, साध्या बहुमताने ती हलत नाहीत. प्रिव्ही कौन्सिलकडे अपील देणारं कलम ११० मात्र तसं बांधलेलं नव्हतं. सरकारने २००४ मध्ये हिशेब केला: कलम ११० साध्या बहुमताने बदलू आणि नवं न्यायालय आणू. तसे तीन कायदे केले. त्यांना आव्हान दिलं गेलं आणि ३ फेब्रुवारी २००५ ला प्रिव्ही कौन्सिलनेच ते तिन्ही कायदे रद्द ठरवले.

लंडनने आपलं गिऱ्हाईक राखलं असं तेव्हा बरेच जण म्हणाले. निकालातला तर्क वाचला तर तो आरोप टिकत नाही. कौन्सिलने म्हटलं की प्रिव्ही कौन्सिल काढून टाकायला जमैका मुखत्यार आहे. पण त्या जागी जे न्यायालय येईल ते खालच्या, घटनेने संरक्षण दिलेल्या न्यायालयांचे निकाल फिरवणार. मग त्याच्या न्यायाधीशांचं संरक्षण एका आंतरराष्ट्रीय करारात असून भागत नाही, कारण करारात सरकारं आपसात दुरुस्ती करू शकतात. घटनेत पक्क्या बांधलेल्या कलमांइतकंच ते घट्ट हवं. म्हणजे दोन तृतीयांश बहुमत हवं.

आता आकडे बघा. जमैकाच्या सिनेटमध्ये २१ जागा, १३ सत्तापक्षाच्या आणि ८ विरोधी पक्षाच्या. दोन तृतीयांश म्हणजे १४. विरोधी बाजूचा किमान एक सिनेटर वळल्याशिवाय काम होत नाही. शिवाय विधेयक मांडल्यापासून चर्चेपर्यंत तीन महिने आणि चर्चा संपल्यापासून मतदानापर्यंत आणखी तीन महिने थांबावं लागतं. मे २०१५ मध्ये कनिष्ठ सभागृहात तिन्ही विधेयकं दोन तृतीयांशाने मंजूर झाली, सिनेटमध्ये अडकली. २०१६ च्या फेब्रुवारीत निवडणुकीत सरकार बदललं आणि विषय तिथेच राहिला.

त्रिनिदादची अट याहून कडक आहे: कनिष्ठ सभागृहात तीन चतुर्थांश, सिनेटमध्ये दोन तृतीयांश.

तळटीप

आणि जिथे सार्वमत लागतं तिथे लोकांनीच नाकारलं, हेही नोंदवायला हवं. सेंट व्हिन्सेंटमध्ये २००९ ला, ग्रेनेडात २०१६ ला आणि पुन्हा ६ नोव्हेंबर २०१८ ला. त्याच दिवशी अँटिग्वा आणि बार्बुडातही. तिथे दोन तृतीयांश होकार हवा होता. प्रत्यक्षात ८,५०९ हो आणि ९,२३४ नाही. म्हणजे साधं बहुमतही मिळालं नाही.

चौकट

लोक नाकारतात त्यामागे अविश्वास आहे. लहान बेट, सगळे सगळ्यांना ओळखतात. न्यायाधीश पंतप्रधानाचा शाळासोबती असायचा. लंडनचा न्यायाधीश कोणाचाच कोणी लागत नाही, त्याला फोन जात नाही. शिवाय त्याचा पगार ब्रिटन देतं. गरीब देशाला शेवटचं कोर्ट फुकटात मिळत असेल तर सोडावं का? माझ्या मते हा युक्तिवाद खोडून काढण्याइतका हलका नाही.

कलमदान

चौकट, युक्तिवाद हलका नाही हे मान्य. पण फुकट कोणाला? सरकारला. पक्षकाराला लंडनचा वकील, विमानभाडं, व्हिसा हे सगळं पडतं. जमिनीच्या वादातला शेतकरी किंवा कामावरून काढलेला कारकून तिथवर पोचतच नाही. पोचतात ते बँका, कंपन्या आणि फाशीची शिक्षा झालेले कैदी, ज्यांचं काम लंडनच्या वकिलांच्या संस्था विनामूल्य चालवतात. कॅरिबियन न्यायालय ई-फायलिंग आणि दूरदृश्य सुनावणी चालवतं, वेळप्रसंगी सदस्य देशात जाऊनही बसतं.

दुसरं, हे दान कायमचं धरून चालता येत नाही. २००९ मध्ये ब्रिटनच्या नव्या सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष लॉर्ड फिलिप्स यांनी जाहीरपणे सुचवलं होतं की आमच्या न्यायाधीशांचा फार वेळ या अपिलांत जातो, या देशांनी आपली शेवटची न्यायालयं उभारावीत.

रानवाट

फाशीचा मुद्दा निघालाच आहे म्हणून विचारतो. नव्या न्यायालयाला तेव्हा "फाशी देणारं कोर्ट" म्हटलं जायचं असं वाचलं होतं. त्याचं पुढे काय झालं?

निकालपत्र

हा या विषयातला सगळ्यात बोलका भाग आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

२ नोव्हेंबर १९९३ ला प्रॅट आणि मॉर्गन प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं की शिक्षा सुनावल्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ फाशीच्या कोठडीत ठेवणं ही अमानुष वागणूक मानली जाईल आणि शिक्षा जन्मठेपेत बदलावी लागेल. ते दोघे जवळपास १४ वर्षं कोठडीत होते, तीनदा फाशीचा हुकूम वाचून दाखवला गेला होता. बेटांवरच्या सरकारांना हा निकाल झोंबला. आपलं न्यायालय हवं या मागणीला तेव्हा जोर चढला, त्यामुळे नव्या न्यायालयावर तो शिक्का बसला.

आता "बचाव कलम" नावाचा प्रकार बघा. यातल्या बऱ्याच देशांच्या घटनेत एक तरतूद आहे: स्वातंत्र्यापूर्वीचे कायदे मूलभूत हक्कांच्या विरोधात आहेत म्हणून रद्द करता येणार नाहीत. गोऱ्या साहेबाच्या काळातला कायदा गोठवून ठेवणारं हे कलम. खुनाला एकच शिक्षा, फाशी, न्यायाधीशाला तारतम्य वापरायची सोय नाही, हा कायदा त्यामुळे वाचत आला. बार्बाडोसचं बॉइस प्रकरण २००४ मध्ये लंडनला गेलं. नऊ न्यायाधीश बसले आणि ५ विरुद्ध ४ अशा मतांनी सक्तीची फाशी कायम राहिली. बचाव कलमापुढे इलाज नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं.

त्यानंतर बार्बाडोस कॅरिबियन न्यायालयाकडे आलं. २७ जून २०१८ ला नर्व्हेस प्रकरणात या न्यायालयाने बचाव कलमाचा अर्थ नव्याने लावला आणि बार्बाडोसमधली सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली. १६ मे २०२२ ला तोच प्रश्न त्रिनिदादमधून चँडलर प्रकरणात लंडनसमोर आला. पुन्हा नऊ न्यायाधीश. त्यांनी सक्तीची फाशी कायम ठेवली.

ज्याला फाशी देणारं कोर्ट म्हणत होते त्याने सक्तीची फाशी काढली आणि ज्याला कैद्यांचा वाली मानत होते त्याने ती ठेवली. लंडनच्या न्यायाधीशांची नियत वाईट होती असं मी म्हणत नाही. परक्या देशाच्या घटनेला धक्का लावताना त्यांना संकोच वाटतो, आणि संकोच वाटणाऱ्या न्यायाधीशाच्या हातून जुना वसाहतीचा कायदा तसाच पुढे चालू राहतो. आपलं म्हणवणारं न्यायालय तो प्रश्न अंगावर घेऊ शकलं.

चौकट

मुद्दा पटला. पण फाशीच्या निकालात सरकारची खुर्ची जात नाही. जिथे खुर्ची जाते तिथे हे न्यायालय उभं राहिलं का?

तळटीप

गयाना बघा. तिथल्या संसदेत ६५ जागा. २१ डिसेंबर २०१८ ला अविश्वास ठरावावर सत्ताधारी बाजूच्या एका सदस्याने विरोधकांबरोबर मत दिलं आणि ठराव ३३ विरुद्ध ३२ ने मंजूर झाला. सरकारने पुढे असा हिशेब मांडला: ६५ चे निम्मे ३२.५, ते वर धरले तर ३३, त्यावर एक म्हणजे बहुमत ३४. देशातल्या अपील न्यायालयाने २ विरुद्ध १ ने हा हिशेब मान्य केला! १८ जून २०१९ ला कॅरिबियन न्यायालयाने तो फेटाळला. ६५ मध्ये बहुमत ३३, ठराव वैध.

आता मर्यादाही सांगते. घटनेप्रमाणे तीन महिन्यांत निवडणूक व्हायला हवी होती. न्यायालयाने तारीख ठरवून द्यायचं टाळलं, ते निवडणूक आयोग आणि राजकीय पक्षांवर सोडलं. निवडणूक झाली २ मार्च २०२० ला. म्हणजे निकाल बरोबर, पण काळजीवाहू सरकार महिनोन् महिने बसून राहिलं.

त्या निवडणुकीची मतमोजणीही वादात गेली, फेरमोजणी झाली. अपील न्यायालयाने घटनेतल्या "जास्त मतं" याचा अर्थ "जास्त वैध मतं" असा लावून फेरमोजणीवर शंका घ्यायला वाट करून दिली. ८ जुलै २०२० ला कॅरिबियन न्यायालयाने तो निकाल उलटवला, कारण अपील न्यायालयाला तो प्रश्न हाताळायचा अधिकारच नव्हता. २ ऑगस्टला निकाल जाहीर होऊन सत्तांतर झालं. देशातली यंत्रणा दबावाखाली असताना बाहेर, पण परकं नसलेलं न्यायालय असणं किती उपयोगाचं असतं, ते इथे दिसलं.

कोयरी

आफ्रिकेचं उदाहरण शेजारी ठेवल्याशिवाय कॅरिबियन बांधणीचं महत्त्व कळत नाही. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या विकास समुदायाचं, म्हणजे साडकचं, न्यायाधिकरण २००५ मध्ये नामिबियातल्या विंडहुकला सुरू झालं. दहा न्यायाधीश, पाच वर्षांची मुदत, एकदा पुनर्नेमणूक शक्य. नेमणूक करणार राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषद. पैसा सरकारांचा. निकाल पाळला नाही तर तक्रार कोणाकडे? त्याच शिखर परिषदेकडे, जी एकमताने ठरवते.

२८ नोव्हेंबर २००८ ला कँपबेल या गोऱ्या शेतकऱ्याच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने झिंबाब्वेच्या विरोधात निकाल दिला. २००५ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने जमीन ताब्यात घेण्याविरुद्ध कोर्टात जायची वाटच बंद केली होती आणि भरपाईही नव्हती. झिंबाब्वेने निकाल पाळला नाही. उलट न्यायाधिकरणाचा करार आम्हाला लागूच नाही, पुरेशा देशांनी त्याला मान्यता दिलेली नाही, असा मुद्दा काढला. खरं तर २००१ च्या दुरुस्तीने तो करार मूळ तहाचा भाग झाला होता.

न्यायाधिकरणाने प्रकरण शिखर परिषदेकडे पाठवलं. परिषदेने झिंबाब्वेला जाब विचारण्याऐवजी ऑगस्ट २०१० मध्ये न्यायाधिकरणाचाच फेरविचार मांडला, आणि ज्यांची मुदत संपत होती त्या न्यायाधीशांना पुन्हा नेमलं नाही. कोणालाही बडतर्फ केलं नाही, कुठला ठपका ठेवला नाही, मुदत संपू दिली आणि गणपूर्ती होईना. कलमदान यांनी मुदतवाढीचा मुद्दा पहिल्याच प्रतिसादात का घेतला ते इथे कळतं. पाच वर्षांची, वाढवता येणारी मुदत ही नाडी दुसऱ्याच्या हातात देण्यासारखी आहे.

रानवाट

पण झिंबाब्वेतला जमिनीचा प्रश्न खोटा नव्हता ना? गोऱ्या शेतकऱ्यांकडे उत्तम जमीन एकवटली होती ती वसाहतीमुळेच. मग न्यायाधिकरणाने जुन्या मालकांची बाजू घेतली असं लोकांना वाटणं स्वाभाविक आहे.

कोयरी

प्रश्न अगदी खरा होता आणि वसाहतीच्या लुटीतूनच आला होता. पण वाद जमीन फेरवाटप करावं की नाही हा नव्हता. फेरवाटप करताना ज्याची जमीन जाते त्याला न्यायालयात उभं राहता येईल का आणि भरपाई मिळेल का, हा होता. ही दारं एकदा बंद झाली की उद्या तीच दुरुस्ती कुठल्याही मालकावर, काळ्या शेतकऱ्यावरही, चालते.

पुढचंही लिहितो, कारण ते क्वचित सांगितलं जातं. न्यायाधिकरणाने दिलेला खर्चाचा हुकूम दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयांत नोंदवला गेला आणि घटना न्यायालयाने २०१३ मध्ये फिक प्रकरणात तो उचलून धरला. केप टाउनमधली झिंबाब्वे सरकारची मालमत्ता त्यावर जप्त झाली. २०१४ मध्ये राष्ट्रप्रमुखांनी नवा करार केला: यापुढे न्यायाधिकरण फक्त दोन देशांमधले वाद ऐकेल, नागरिकाला तिथे जागा नाही. त्यावर दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ ला सांगितलं की न्यायाधिकरण मोडण्यात राष्ट्राध्यक्षांनी घेतलेला भाग घटनाबाह्य होता, सही मागे घ्या. सही मागे घेतली गेली. न्यायाधिकरण मात्र परत उभं राहिलं नाही.

समुद्रफेस

यात मॉरिशसची गोष्ट जोडतो. तिथे मराठी वस्ती पिढ्यान् पिढ्या आहे, म्हणून इथल्या वाचकांना जवळची वाटेल. मॉरिशस साडकचा सदस्य आहे आणि न्यायाधिकरण गुंडाळलं तेव्हा त्याचे अध्यक्ष होते मॉरिशसचे माजी सरन्यायाधीश अरिरंगा पिल्ले. तोच मॉरिशस १९९२ मध्ये प्रजासत्ताक झाल्यावरही घटनेच्या कलम ८१ प्रमाणे प्रिव्ही कौन्सिलकडे जातो. २००८ मध्ये कौन्सिल पोर्ट लुईला येऊन बसलंही होतं. प्रजासत्ताक झालं की लंडनचं अपील आपोआप जातं हा समज त्यामुळे चुकीचा. आणि ज्या देशाने प्रादेशिक न्यायाधिकरण असं विझताना पाहिलं तो लंडन सोडायची घाई का करत नाही, हेही समजण्यासारखं आहे.

तळटीप

पूर्व आफ्रिकी समुदायाचं अरुशाचं न्यायालयही यात घ्या. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी समुदायाच्या विधानसभेवर जाणाऱ्या केनियाच्या सदस्यांचा शपथविधी थांबवला. १४ डिसेंबरला, तीन आठवड्यांच्या आत, राष्ट्रप्रमुखांनी समुदायाचा तहच बदलला. दाद मागायला फक्त दोन महिन्यांची मुदत, वर एक अपील विभाग, आणि न्यायाधीशाची स्वतःच्या देशात चौकशी लागली तर इथूनही निलंबन. हे न्यायालय बंद पडलं नाही, पण दोन महिन्यांच्या अटीत कितीतरी दावे दारातच अडतात. वकिलांनी तिथे पहिल्यांदा तारीख मोजावी, गुणदोष मागाहून.

चौकट

मग कॅरिबियन न्यायालयाला असं मोडता येणार नाही याची खात्री काय? करार तर तिथेही सरकारांचाच.

कलमदान

पूर्ण खात्री नाही, आणि जमैकाच्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने बोट ठेवलं ते यावरच. वाट फक्त अवघड केलेली आहे. पैसा अडवता येत नाही. मुदतवाढ नसल्याने साडकसारखं शांतपणे मरू देता येत नाही. न्यायाधीशाला काढायचं तर काम करण्याची असमर्थता किंवा गैरवर्तन हीच कारणं, आणि आधी चौकशी न्यायाधिकरणाचा अहवाल लागतो. काढणारा आयोग, सरकार नाही. अध्यक्षापुरता सरकारप्रमुखांचा हात, तोही आयोगाच्या शिफारशीनंतर. उरलेली फट म्हणजे एखाद्या देशाने बाहेर पडणं.

खरी दुबळी बाजू अंमलबजावणीची आहे. त्रिनिदाद सिमेंट कंपनीने गयानावर दावा लावला होता. सिमेंटवरचा सामायिक जकात दर गयानाने परस्पर उठवला होता. २००९ मध्ये न्यायालयाने २८ दिवसांत दर पुन्हा लावायला सांगितलं. मुदत उलटली. कंपनी अवमानाची तक्रार घेऊन आली. न्यायालयाने आदेश पाळला गेला नाही असं जाहीर केलं, पण शिक्षा केली नाही. या न्यायालयाला बेलिफ नाही. उलट बाजूचं उदाहरण २०१३ चं: बार्बाडोसच्या विमानतळावर अपमानास्पद झडती घेऊन परत पाठवलेल्या जमैकाच्या तरुणीला ७५,००० बार्बाडोस डॉलर नुकसानभरपाई मिळाली, आणि कॅरिकॉमच्या नागरिकाला सहा महिन्यांपर्यंत राहू देण्याचा नियम पक्का झाला. ती रक्कम भरली गेली.

रानवाट

शेवटचा प्रश्न. सेंट लुशिया आणि डॉमिनिकाने सार्वमताचा अडथळा कसा टाळला? ग्रेनेडा, अँटिग्वाला तो मार्ग का नाही?

निकालपत्र

दोघांच्या घटनेत अशी सोय आहे की अपिलाच्या तरतुदी बदलण्याबाबत ब्रिटनशी आधी करार झाला असेल तर सार्वमत लागत नाही, संसदेचं विशेष बहुमत पुरतं. डॉमिनिकाने आधी लंडनची लेखी संमती घेतली, मग विधेयक आणलं. सेंट लुशियाही त्याच वाटेने गेलं. ग्रेनेडा आणि अँटिग्वाच्या घटनांत लोकांची दोन तृतीयांश मतं लागतात.

तिथल्या मतदाराची शंका रास्त आहे असं मला वाटतं, कारण त्याचा रोजचा अनुभव वरच्या नाही तर मधल्या न्यायालयाचा आहे. पूर्व कॅरिबियन सर्वोच्च न्यायालय १९६७ पासून सहा स्वतंत्र देश आणि तीन ब्रिटिश प्रदेशांसाठी काम करतं, मुख्यालय सेंट लुशियाच्या कॅस्ट्रीजमध्ये. त्याच्या सरन्यायाधीशाच्या नेमणुकीला सगळ्या सरकारप्रमुखांचं एकमत लागतं. एक जण अडून बसला की जागा हंगामी माणसावर चालते, २००४ ते २००८ अशी सलग चालली. पोर्ट ऑफ स्पेनच्या न्यायालयासाठी नेमणुकीचं जे गणित २००१ मध्ये बसवलं, ते कॅस्ट्रीजला लावलं गेलेलं नाही. पुढचं सार्वमत जिंकायचं असेल तर पहिली दुरुस्ती तिथे व्हायला हवी.